चर्चा : गोव्याच्या कथेतला तरुण दर वेळी घरच का सोडतो?

साकव

गोव्यातल्या नव्या लेखकांच्या मराठी कथा वाचायला घेतल्या की एक साचा हटकून समोर येतो. विशीतला मुलगा. वडील सरकारी नोकरीसाठी पाठीस लागलेले. मुलाला कॅमेरा हवा, गिटार हवी, नाहीतर समुद्रकाठी खानावळ काढायची आहे. दोनदा खडाजंगी, आईचा पदर डोळ्यांना, मग मुसळधार पाऊस आणि शेवटच्या परिच्छेदात पाठीवर सॅक टाकून म्हापशाच्या स्टँडवर मुंबईची बस. कथा संपली, टाळ्या.

ही बस बंद करा, असं माझं स्पष्ट मत आहे. जो प्रसंग लिहायला जड जात होता, त्यातून लेखक पात्राला अलगद उचलून बाहेर ठेवतो, एवढंच त्या बसने साधतं. वेगळेपणाची कसोटी दुसऱ्या दिवशी सकाळी लागते. त्याच तिंट्यावर (बाजारात) मासळी घ्यायची, त्याच पंचायतीत दाखल्याला जायचं, त्याच चुलत्याच्या अंगणातून वाट काढायची, हे लिहून दाखवा.

गाडी अडते कुठे, तर दडपण हवामानासारखं लिहिलं जातं. 'समाज काय म्हणेल?' हे वाक्य आलं की समजावं, लेखकाने दडपण कुठून येतं ते शोधलेलंच नाही. सरकारी नोकरीचंच घ्या. तिच्यासाठी पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला लागतो, कोकणी यावीच लागते, मराठी येत असेल तर बरं. म्हणजे बापाच्या लेखी ती बाहेरच्याला सहसा न मिळणारी, घराण्याच्या वास्तव्याने कमावलेली जागा आहे. डिचोली, सत्तरी, सांगे भागातलं घर असेल तर आणखी एक पदर येतो. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च २०१८ मध्ये खाणी थांबल्या, तेव्हा कर्ज काढून घेतलेले ट्रक दारात उभे राहिले. त्या बापाने धंद्यावरचा विश्वास कुठे गमावला हे दोन ओळींत आलं, तरी 'अर्ज भर' या शब्दांना वजन येतं आणि बाप आपोआप खलनायक राहत नाही.

म्हणून लिहायला बसण्यापूर्वी एका कागदावर तीन रकाने आखावेत. दडपण आणणाऱ्या प्रत्येक पात्राला काय हवं आहे, त्याच्या हातात देण्यासारखं काय आहे, आणि ते तो कधी आखडून घेतो. तिसरा रकाना रिकामा राहिला तर ते पात्र कापावं. शब्दांचा हिशेबही बघा. तीन हजारांच्या कथेत हजार शब्द बालपणात जातात, भांडण दोन हजारांच्या पुढे सुरू होतं आणि परिणामांना जेमतेम दोनशे उरतात. नकार पहिल्या पाचशे शब्दांतच उरकून घ्या. उरलेली कथा नकारानंतरची असू दे.

समजा, मुलाने अर्ज भरला नाही. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, मूळ घरी सगळे जमलेत. दर वर्षी स्टुलावर चढून माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळाफुलांची चौकट, बांधायचं काम त्याचं. यंदा काका स्टूल ओढतो आणि धाकट्या चुलतभावाला हाक मारतो. खालून एकेक जिन्नस वर जातो : नारळाची पेंड (घोस), सुपारीचं कात्रं, तोरिंग, चिबूड, कांगणं. कुणी रागावत नाही. आरतीला घुमट, ते मातीचं वाद्य, दुसऱ्याच्या मांडीवर असतं. जेवताना काकी त्याच्या ताटात इतरांपेक्षा दोन नेवऱ्या जास्तच घालते. दोनशे शब्दांत सगळं बसतं, 'समाज' हा शब्द न वापरता.

कुळागर

साकवबाब, रकान्यांशी माझं भांडण नाही. बस बंद करण्याशी आहे.

माटोळी बांधायला न बोलावणं ही शिक्षा कुणाला? ती बांधण्याचा मान मुळात ज्याचा आहे त्याला. देवळाच्या महाजनांची, म्हणजे मानकरी सभासदांची, यादी ठरलेली असते, तीत नाव वंशपरंपरेने येतं. पालखीला खांदा कुणाचा, दिवजं (उत्सवातले दिवे) कुणी धरायची, वाजवणारा कोण, झाडणारा कोण, हे ज्या गावात जन्माने ठरतं, तिथे 'गावात राहून वेगळा हो' हा सल्ला वरच्या वाड्यातल्या मुलाला परवडतो. बा. भ. बोरकरांची 'भावीण' ही कादंबरी १९५०ची, देवळाशी बांधल्या गेलेल्या बाईची. तिला 'राहून दाखव' म्हणणारा वाचक कोणत्या बाजूला उभा आहे? अशा पात्राच्या बाबतीत निघून जाणं हीच सगळ्यात अवघड कृती असते. ती लेखकाने टाळलेली नसते, निभावलेली असते.

दुसरं असं की, गोव्यात घर सोडणं हे बंड कधीपासून झालं? इथली अर्धी घरं कुणीतरी बाहेर गेल्यामुळे उभी आहेत. तारवटी (जहाजावर कामाला गेलेले), आखातातले, आता इंग्लंडमधले. दामोदर मावजोंच्या 'कार्मेलीन' (१९८१) या कोकणी कादंबरीतली कार्मेलीन कुवेतला घरकामाला जाते ती स्वतःचा शोध वगैरे घ्यायला नाही, संसार चालवायला जाते. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी, म्हणजे पोर्तुगीज राजवटीत, इथे जन्मलेल्यांच्या घरात आज वेगळंच चित्र आहे. वडीलधाऱ्यांच्या जन्माची नोंद लिस्बनला करायची, मग पुढच्या पिढीची, मग पोर्तुगीज पासपोर्ट. तो घेतला की भारतीय नागरिकत्व जातं. त्या घरातलं दडपण 'जा' असं असतं. तिथे 'मी जात नाही, मला इथेच भात लावायचा आहे' म्हणणारी मुलगी बंडखोर ठरते आणि तिची कथा अजून फारशी कुणी लिहिलेली दिसत नाही.

तेव्हा बस असू दे. पण तिकिटाचे पैसे कुणी दिले ते कथेत आलं पाहिजे. आईने गुपचूप दिले, बांगडी गहाण पडली, एजंटला आगाऊ भरले, की बापानेच कंटाळून दिले? या चार उत्तरांच्या चार वेगवेगळ्या कथा होतात. आणि जाणं शेवटी ठेवू नका. जहाजावरचा करार सहसा सहा ते नऊ महिन्यांचा, मग गावी सुटी, मग पुन्हा करार. इथलं जाणं येण्यासकट असतं. मुलगा तीनदा जातो, तीनदा येतो, आणि प्रत्येक खेपेला घरात त्याची जागा थोडी सरकलेली असते. आयती रचना समोर पडली असताना लोक अजून शेवटच्या शिट्टीवर कथा संपवतात.

दुसरी_सही

दोन्ही बाजूंच्या कथांमध्ये एक संवाद हमखास असतो : 'इस्टेटीतली एक पै मिळणार नाही तुला!' मराठी सिनेमातून आलेला हा डायलॉग गोव्यात जवळजवळ पोकळ आहे, हे लिहिणाऱ्यांनी एकदा ध्यानात घ्यावं.

गोव्यात १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेची चौकट चालत आली, आणि वारशापुरता २०१६ पासून गोव्याचा स्वतःचा कायदा आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता एकत्र धरली जाते आणि दोघांचा निम्मा निम्मा हक्क असतो. त्यातही माणसाला आपल्या वाट्यातला अर्धाच भाग मर्जीने कुणाला देता येतो. उरलेला अर्धा मुलांचा राखीव. मुलाला त्यातून वगळायचं तर कायद्यात मोजकी कारणं दिली आहेत, गिटार वाजवणं त्यांत येत नाही. हिशेब करा : घर आणि बागायत मिळून ऐंशी लाखांची. चाळीस आईचे. बापाचे चाळीस, त्यातले वीस मुलांचे. गर्जना करणाऱ्या बापाच्या मुठीत प्रत्यक्षात वीस लाख, म्हणजे चौथा हिस्सा. घर विकून टाकीन म्हणाला तरी आईच्या सहीशिवाय विकता येत नाही.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, पदर डोळ्यांना लावून बसणारी आई हे गोव्याच्या कथेतलं सगळ्यात वाया घालवलेलं पात्र आहे. तिच्या हातात निम्मं घर आहे आणि ते तिला माहीत आहे की नाही, यावर अख्खी कथा फिरू शकते. दोन, दडपणाचं खरं साधन धमकी नसून सही आहे. मुलीला मुलाइतकाच वाटा असतो, म्हणूनच लग्न ठरताना किंवा त्यानंतर तिच्याकडून हक्कसोडीच्या कागदावर सही घेतली जाते. प्रसंग नीट बघा. कागद आधीच तयार. तारीख तिच्या रजेप्रमाणे ठरवलेली. भाऊ गाडी घेऊन दारात. नोटरीकडे तिघी बहिणी बाकावर, दोघींच्या सह्या झालेल्या. पेन तिच्या हातात येतं तेव्हा वहिनी म्हणते, 'उतरताना बेकरीत थांबूया, तुला आवडतात ते पॅटीस घेऊ.' इथे आवाज चढवणारं एकही पात्र नको.

तिने सही केली नाही तर? प्रकरण इन्व्हेंटरीला, म्हणजे वाटणीसाठी कोर्टात जाऊ शकतं, आणि तिथे वारसांतच बोली लागते. जन्मल्या खोलीवर भावाविरुद्ध बहीण आकडा सांगते. इतका तयार नाट्यप्रसंग सोडून लोक पाऊस का पाडतात, कळत नाही.

पळून जाऊन लग्नाचंही तेच. गोव्यात नोंदणीला दोन सह्या. पहिलीनंतर नावं फलकावर लागतात, हरकतींसाठी मुदत जाते, मग दुसरी. एका रात्रीत काही होत नाही. दोन सह्यांच्या मधले दिवस हाच कथेचा काळ धरा. नोंदणी कार्यालयात कामाला आलेल्या शेजाऱ्याने फलक वाचला की पुढचं आपोआप लिहिता येतं.

शाई_सांडली

वाचून दमलो. उद्या कथेला स्टँप ड्युटी लावाल.

तुमचं सगळं बरोबर असूनही कथा फसू शकते, कारण वेगळेपण घटनेत सापडत नाही, वाक्यात सापडतं. 'कोसला' १९६३ची. त्यातला पांडुरंग सांगवीकर शेवटी गावीच परततो. साकवबाबांच्या मोजपट्टीने तो राहिला, कुळागरांच्या मोजपट्टीने आधी गेला. दोन्ही मोजपट्ट्यांना त्या कादंबरीतलं मुख्य काही लागत नाही. वडीलधाऱ्यांची, कॉलेजची, सभासंमेलनांची गुळगुळीत भाषा त्या 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे'ने तो आतून पोखरतो, तिथे त्याचं वेगळेपण आहे. आणि नंतर काय झालं तेही आठवा. तीच लकब उचलून लिहिणाऱ्यांची रांग लागली. वेगळेपणाचाच गणवेश शिवला गेला.

माझी चाचणी साधी आहे. कथेतून निवेदकाचा एक परिच्छेद, बापाचा एक संवाद आणि मुख्याध्यापकांचा एक संवाद काढा. नावं झाकून त्रयस्थाला द्या. कुणाचं कुठलं ते ओळखता आलं नाही तर रकाने भरून उपयोग नाही, सगळे लेखकाच्याच आवाजात बोलताहेत. मग 'चाकोरीबाहेरचा', 'मनस्वी', 'कलंदर', 'स्वच्छंदी' ही विशेषणं शोधून उडवा. ती उडवल्यावर पात्र सपाट वाटत असेल तर ते आधीपासून सपाटच होतं. आणखी एक खूण : बंडखोर पात्राला कथेत एकदाही कुणी निरुत्तर केलेलं नसेल, तर लेखक त्याचा वकील झालेला आहे.

दुसरी_सही

सतरा वर्षांचा मुलगा कसा बोलतो हे तपासता, तसंच त्याच्या नावावर काय आहे हेही तपासावं. चुकीची धमकी दिली तर बापाचा आवाजही खोटाच लागतो. आवाज हवेतून येत नाही.

तिसरी_घंटा

कथेवाल्यांनो, तुमच्या नाकासमोर एक यंत्र चालू आहे तिकडे बघा : जत्रेतलं नाटक. गोव्यात गावोगावच्या देवळांत हौशी मंडळी मराठी नाटकं करतात, पौराणिक, ऐतिहासिक, संगीत. तरुण पोराला गावात सामील करून घेण्याचं आणि त्याच वेळी त्याच्या मापात ठेवण्याचं इतकं नेमकं साधन दुसरं नाही.

पात्रवाटप बघा. राजाचं काम ठरलेल्या घरात. नवखा पोर आधी पडदा ओढतो, मग भालदार, मग दोन वाक्यांचा दूत. स्त्रीभूमिकेला बऱ्याचदा बाहेरून नटी मानधन देऊन आणतात, गावची मुलगी उभी राहते म्हणाली की बैठकीत सगळे छताकडे बघतात. वर्गणी प्रत्येक घरची. तालीम रात्री जेवणं आटोपल्यावर, म्हणजे कोण आला नाही हे सगळ्यांना कळतं. यात एखाद्याला वेगळं काही करायचं असेल, समजा नवी संहिता, तर त्याला कुणीही 'नाही' म्हणत नाही. 'पुढल्या वर्षी बघू' म्हणतात. त्या 'बघू'चं काय करायचं, हा नाट्यप्रश्न आहे. चिडून मंडळ सोडलं तर कथा मेली. त्याने दूताची दोन वाक्यं घेतली आणि प्रयोगात ती वेगळी म्हटली तर? प्रॉम्प्टर विंगेत गडबडतो, राजा अडखळतो, प्रेक्षकांतली एक म्हातारी हसते. समूहाच्या आत राहून केलेली एवढीशी हालचाल मंचावर प्रचंड दिसते.

पात्रसंख्येबद्दल एक कामाची गोष्ट. 'सारा गाव विरोधात' असं लिहिणाऱ्यांनी मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅशचे १९५०च्या दशकातले प्रयोग पाहावेत. रेषांची लांबी ओळखायची, उत्तर उघड असतं, पण आधी बोलणारे सगळे ठरवून चूक सांगतात. अशा वेळी मोक्याच्या फेऱ्यांत साधारण एक तृतीयांश उत्तरं घोळक्याच्या मागे गेली. आता मांडणी बघा. विरोधात एकच माणूस असला तर जवळपास परिणाम नाही, दोन असले तर थोडा, तीन झाले की दडपण भरलं. त्यापुढे माणसं वाढवून फारसं काही वाढलं नाही. म्हणजे कथेत तीन चेहरे पुरतात, चौथ्याचं मानधन वाचवा. आणि नायकाच्या बाजूने एक जरी माणूस खरं बोलला तर चुका पाव पटीवर आल्या. हा जोडीदार मध्येच फिरून घोळक्याला मिळाला, की दडपण पूर्वीइतकं परत. पण तो काही कामाने खोलीबाहेर गेला, तर त्याचा आधार काही अंशी टिकून राहिला. मित्र फितूर होणं आणि मित्र दूर जाणं या दोन वेगळ्या कथा आहेत. आपल्याकडे दोन्हींचा शेवट एकच लिहितात, 'तो एकटा पडला'.

कुळागर

अ‍ॅशचा दाखला जपून वापरा. ते अमेरिकेतले कॉलेजचे तरुण होते आणि खोलीतली माणसं त्यांची कुणी नव्हती. चूक बोलल्याने कुणाचं काही जाणार नव्हतं, आणि मुख्य म्हणजे बरोबर रेष कुठली ते समोर दिसत होतं. घरात बरोबर रेष दिसत नाही. 'अर्ज भर' म्हणणारी आई कदाचित बरोबरही असेल. तरुणाच्या कथेत दडपण जड होतं ते याच शंकेने, आणि तुमच्या तीन चेहऱ्यांत ती शंका कुणाच्या तोंडी आहे हे पाहिलं पाहिजे. माझ्या मते तिघांपैकी एकाचं म्हणणं वाचकाला मनापासून पटायला हवं. नाहीतर वाचक पहिल्या पानापासून नायकाच्या बाजूने बसतो आणि त्याला निवड करावीच लागत नाही.

जोडीदाराचा मुद्दा मात्र उपयोगी. आपल्या कथांत तो जोडीदार बहुतेक वेळा बाहेरून येतो, पुण्याची मैत्रीण नाहीतर एखादा परदेशी पर्यटक. त्या पर्यटकाला तर एकदाचं विमानात बसवा. आतला जोडीदार शोधा : आजी, पोदेर (पाववाला), मतिमंद म्हणून बाजूला सारलेला काका, सरकारी नोकरीत चिकटलेला आणि तिथे कंटाळलेला थोरला भाऊ. तो भाऊ 'भरू नकोस अर्ज' असं हळूच म्हणाला की बापाच्या बाजूचा पुरावाच फुटतो.

भरतीओहोटी

दोन गोष्टी कुणी काढल्याच नाहीत.

पहिली भाषा. घरात कोकणी, सरकारी शाळेत चौथीपर्यंत मराठी किंवा कोकणी, पाचवीपासून इंग्रजी. कथेतलं पोर भांडणात आपली बाजू मांडू लागतं तेव्हा त्याच्याजवळचे शब्द शाळेने दिलेले असतात. 'माय चॉइस' म्हणाला की घरात तो शिष्टपणा ठरतो, आणि कोकणीत तेच म्हणायला त्याला वाक्य सापडत नाही. तो हरतो तो मुद्द्यावर नव्हे, बोलायच्या जागेवर. पण बहुतेक लेखक या पोराला पुण्याची शुद्ध मराठी बोलायला लावतात आणि मग तो सहज जिंकतो. संवाद कोकणीतच ठेवावेत, कंसात अर्थ देऊ नये. 'तुका जाय तें कर' एवढं गोव्याबाहेरच्या वाचकालाही कळतं, आणि परवानगीच्या सुरात दिलेली ही बंदी आहे हे पुढच्या कृतीवरून समजतं. म्हणणारी आई लगेच उठून भांडी घासायला बसली पाहिजे. खुर्चीवर बसून राहिली तर ती खरीच परवानगी होते. एकाच पानावर पंधरा ओळी कोकणी नको, वाचक दमतो. जिथे पात्र सावरून बोलतं तिथे मराठी आणि जिथे निसटतं तिथे कोकणी, एवढा भेद ठेवला तरी पुष्कळ.

दुसरी, फोन. कुटुंबाचा व्हॉट्सअ‍ॅप गट हे आजचं अंगण आहे, पण कथांत तो फक्त विनोदाला येतो. नेमकं बघा : मुलाचा निर्णय कळल्यावर गटावर शांतता असते, मग कुणीतरी नोकरभरतीच्या जाहिरातीचं कात्रण टाकतं, कुणाचंही नाव न घेता. सात अंगठे वर येतात. आईचा अंगठा आला की नाही, हे तो पुन्हा पुन्हा उघडून बघतो. इथे घटना एवढीच, पण दडपण, साक्षीदार आणि वेळ तिन्ही नोंदलेले आहेत. गट सोडणं हा आजचा 'घर सोडलं', आणि तो तितकाच सोपा शेवट आहे, म्हणून टाळावा.

साकव

कुळागरबाय, तिकिटाचे पैसे कुणी दिले हा प्रश्न माझ्या तिसऱ्या रकान्याचाच आहे, तेव्हा तो घेतो. पण बसचा आग्रह सोडत नाही. 'भावीण'सारख्या पात्राला जाणं भाग असतं हे मान्य, तिच्यासाठी नियम कशाला? माझं बोलणं म्हापशाच्या स्टँडवरच्या त्या मुलाबद्दल आहे ज्याच्या घरी दोन स्कूटर आहेत आणि पाठीवर ब्रँडेड सॅक आहे. त्याला राहू द्या दोन-तीन हजार शब्द गावात.

आणि शाईसाहेब, वाक्यात वेगळेपण असतं हे खरं. पण नवख्या लेखकाला 'वाक्य वेगळं लिही' सांगितलं की तो विरामचिन्हं काढून टाकतो आणि क्रियापद आधी आणतो. त्यापेक्षा नोटरीच्या बाकावर तीन बहिणी बसव म्हटलं तर निदान वाक्याला टेकायला काहीतरी मिळतं.

शाई_सांडली

बसवा. फक्त तिसरी बहीण बोलेल तेव्हा ती कायद्याचं कलम सांगू नये, एवढीच विनंती.

पणटी

दुसरी_सही यांना विचारायचं होतं. नोटरीचा प्रसंग लिहायचा आहे, पण मुलगी अकरावीत आहे, सतरा वर्षांची. वडील वारलेत, काकांना घराचा प्रश्न मिटवायचा आहे. तिची सही चालेल का?

दुसरी_सही

चालणार नाही. अज्ञान, म्हणजे अठराखालच्या, मुलीला हक्क सोडता येत नाही, आणि तिच्या वतीने पालकाने सोडायचा म्हटलं तरी कोर्टाची परवानगी लागते. अकरावीतल्या मुलीच्या हातात पेन दिलंत तर जाणता वाचक तिथेच पुस्तक मिटेल. तिचं वय वाढवू नका, उलट तेच वापरा. काका घाई करत नाहीत. तिच्या कॉलेजची फी भरतात, स्कूटर घेऊन देतात, बारावीच्या निकालाला पेढे वाटतात. घरातल्या सगळ्यांना तिची जन्मतारीख पाठ असते. आई निम्म्या घराची मालकीण म्हणून गप्प बसते की सही करून मोकळी झालेली आहे, हे आधी ठरवा, कारण मुलगी शेवटच्या आठवड्यात तिच्याकडेच जाणार. अठरावा वाढदिवस शनिवारी आला तर नोटरीची वेळ सोमवारची घ्या.